काळी चारला लावलेला बँजो

बायको गेली तो मंगळवार होता. सकाळी तिने चहा केला, डबा भरला आणि ती कामाला गेली. दुपारी माझ्या ऑफिसात फोन आला. मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा मुलगी तिथे बसली होती. संध्याकाळी आम्ही दोघं घरी आलो. मुलीने कुलूप काढलं. मी दिवा लावला. दिवाणखान्यात भिंतीला टेकून तंबोरा होता आणि त्याच्या शेजारी बँजो होता.

एवढी वाक्यं लिहायला मला एक हिवाळा लागला. मला सवय वाचायची आहे, लिहायची नाही. पुण्याहून सिडनीला आलो तेव्हा सामानात सगळ्यात जास्त वजन पुस्तकांचं होतं. विमानतळावर बायको म्हणाली होती, "तू पुस्तकं घेऊन चाललायस, मी तंबोरा. कुकर कोण नेणार आहे?" कुकर आम्ही ब्लॅकटाउनला घेतला. पहिली काही वर्षं तिथेच भाड्याने राहिलो, मग केलीव्हिलला घर घेतलं. विटांचं घर, पुढे गवताचा तुकडा, दोन्ही बाजूंना तशीच घरं. तोवर मुलगी शाळेत जायला लागली होती.

आमच्या घरातलं गाणं बायकोचं. सासूबाई पुण्यात गाण्याचे क्लास घ्यायच्या, अजून घेतात, आणि बायको त्यांच्याकडेच शिकली. ब्लॅकटाउनच्या एका फार्मसीत ती नोकरीला होती. दिवसभर उभं राहून आली तरी संध्याकाळी हातपाय धुऊन तंबोरा घेऊन बसायची. मी शेजारच्या खुर्चीत वाचत असे. मला सूर कळत नाहीत. चांगलं गातेय की वाईट, एवढंही मला सांगता आलं नसतं. "तुला फक्त पान उलटल्याचा आवाज कळतो," असं ती म्हणायची आणि पुढे गायला लागायची.

मुलगी शाळेतून चालत घरी येई त्या वाटेवर एका घराच्या व्हरांड्यात एक म्हातारे गृहस्थ वाजवत बसलेले असायचे. ते निवृत्त डेंटिस्ट. तरुणपणी काही वर्षं अमेरिकेत, अ‍ॅपलाचियन डोंगरांतल्या खेड्यांत राहिले होते आणि दातांपेक्षा तिथलं वादनच जास्त शिकून आले होते, असं ते स्वतःच सांगायचे. मुलगी कुंपणाशी थांबून ऐकायची. एके दिवशी त्यांनी वाजवता वाजवताच विचारलं, "चाळिशी येईपर्यंत तिथेच उभी राहणार आहेस का, मेट?" त्या दिवशी ती उशिरा घरी आली आणि दप्तर खाली न ठेवता म्हणाली, "आई, मला बँजो शिकायचाय."

आमच्या दोघांच्या डोळ्यांपुढे आला तो गणपतीच्या मिरवणुकीतला बेंजो. टेम्पोवर भोंगे, मागे पोरं नाचतायत आणि एक जण कळा दाबून सिनेमातली गाणी वाजवतोय.

"अगं, पण तुझ्या पुढे नाचणार कोण?" बायकोने विचारलं. "बाबा?"

"आई! नॉट दॅट वन. वेगळा असतो."

वेगळाच होता. डफावर चामडं ताणावं तसं गोल तोंड, त्याला लांब दांडी, आणि पाच तारा. त्यातली पाचवी आखूड, तिची खुंटी टोकाला नसून दांडीच्या मध्यावर, बाजूला. उजव्या हाताची बोटं वाकवून नखाने तारांवर वरून खाली मारायचं आणि मध्ये मध्ये अंगठ्याने ती आखूड तार सोडायची. ती तार कुठे दाबायची नाही. बाकीच्या चार तारांवर गाणं कुठेही फिरून येवो, अंगठ्याखाली तोच एक सूर पुन्हा पुन्हा वाजत राहतो. हे मला मुलीने समजावलं. बायकोला समजवावं लागलं नाही. डेंटिस्टांनी उसना दिलेला बँजो मुलगी पहिल्यांदा घरी घेऊन आली तेव्हा बायको कणीक मळत होती. ती हात तसेच घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "हा तर षड्ज धरून बसलाय."

अडचण एवढीच होती की तो षड्ज तिचा नव्हता. पेटीवर गाणाऱ्याची पट्टी ठरलेली असते. बायकोची काळी चार, म्हणजे चौथी काळी पट्टी. त्या डोंगरातली माणसं बहुतेक गाणी लावतात ती तिच्या खालच्या पांढरीला, पांढरी पाचला. अर्ध्या सुराचा फरक. मला तो ऐकू येत नाही, पण ज्यांना येतो त्यांना तो सोसवत नाही, हे मी पाहिलंय. तेव्हा मुलीने बँजोच्या पाचही तारा अर्धा सूर चढवल्या आणि आईच्या काळी चारला लावल्या.

डेंटिस्टांना हे पसंत नव्हतं. "तारा तुटतील. चामडं फाटेल. आणि फिडलवाला रडेल," असं ते म्हणाले. त्यांच्याकडे एक आड एक शनिवारी दुपारी पाच-सहा जण जमायचे, फिडल, म्हणजे तिकडचं व्हायोलिन, आणि गिटार घेऊन, आणि सगळे पांढरी पाचला. मग असं ठरून गेलं की तिकडे जायचं असेल तर मुलगी दारातच बसून बँजो उतरवायची आणि परत आली की चढवायची. बायको आतूनच ओरडायची, "चढवलास का गं? मग ये." मुलगी एखादी डोंगरातली धून सुरू करायची. या धुना लहान असतात आणि त्याच पुन्हा पुन्हा, गोल गोल वाजवतात. तिच्यावर बायको शब्दांशिवाय, नुसत्या आकारात, काहीतरी गायची. हे कुठल्या संगीतात बसतं मला माहीत नाही. एकदा ब्लॅकटाउनला गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात त्यांनी ते केलं. लोक शांत बसून राहिले. मग पहिल्या रांगेतले एक काका म्हणाले, "वा, छान! आता काहीतरी ओळखीचं होऊ दे."

"काका, ऐकलंत ना आत्ता?" बायको माइकवरच म्हणाली. "झाली की ओळख."

घरी येताना गाडीत मुलगी हसून हसून बेजार झाली. "आई, यू आर सो रूड!" बायको म्हणाली, "रूड काय त्यात. त्यांनीच मागच्या वर्षी तुला बेंजोवर आरती वाजव म्हटलं होतं."

ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी दोघी वाजवत होत्या. त्यामुळे मंगळवारी आम्ही दार उघडलं तेव्हा बँजो काळी चारला लावलेला होता.

त्यानंतर मुलीने त्याला हात लावला नाही. आधी मला वाटलं, दुःख आहे, लागेल वेळ. दिवस झाले, तेरावं झालं, तिची युनी, म्हणजे युनिव्हर्सिटी, पुन्हा सुरू झाली. डेंटिस्ट एकदा घरी भाजलेला अ‍ॅपल पाय घेऊन आले. दारातच उभे राहून म्हणाले, "शनिवारी ये. नको वाटलं तर नको येऊस. नो वरीज." ती "थँक्स" म्हणाली आणि गेली नाही. मग एका संध्याकाळी तिने मला मी न विचारताच सांगितलं. तिकडे न्यायचा तर तो उतरवावा लागेल. आणि उतरवल्यावर तो चढवायचा कोणासाठी? "आईने लास्ट ऐकलेला सूर आहे तो, बाबा. तो तसाच राहू दे."

मी बरं म्हटलं.

वसंतात ब्लू माउंटन्समधल्या एका छोट्या गावच्या हॉलमध्ये लोकसंगीताचा कार्यक्रम असायचा. तिथे तिला एकटीने वाजवायला बोलावलं होतं, तेही पहिल्यांदा. हे आई असतानाच ठरलं होतं, आणि आईने पहिल्या रांगेत बसताना कुठली साडी नेसायची तेही ठरवलं होतं. मुलीने अजून 'नाही' कळवलं नव्हतं आणि 'हो'ही कळवलं नव्हतं. मला दुसरं काही नको होतं त्या दिवसांत. तिने वाजवावं, एवढंच. घरात नाही तर तिथे, पण वाजवावं. ती विशीची होती. तिच्या अंगठ्याच्या कडेचा घट्टा मऊ पडत चालला होता, जेवताना तो मला दिसायचा. पण तिला वाजव म्हणायचा हक्क ज्या माणसाला होता ते माणूस मी नव्हतो. मी पान उलटल्याचा आवाज कळणारा.

सासूबाई आल्या तेव्हा सगळं होऊन गेलेलं होतं. व्हिसा वेळेत आला नाही. लेकीला त्यांनी शेवटचं पाहिलं ते अंत्यविधीच्या वेळी, फोनच्या पडद्यावर, आणि तेही मध्येच नेटवर्क गेलं. विमानतळावर त्यांनी मला काही विचारलं नाही. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "तुम्ही जेवता का नीट?" आणि मग खिडकीबाहेर पाहत राहिल्या. घरी आल्यावर पहिले दोन दिवस झोपून काढले आणि तिसऱ्या दिवसापासून घर आवरायला घेतलं. त्यांना थांबवणं शक्य नव्हतं आणि मी थांबवलंही नाही. डबे घासले, पडदे धुतले, माझी पुस्तकं एकेक काढून पुसून परत लावली, आणि तीही उलट्या क्रमाने. मी आणि मुलगी बाहेर असताना असं हे चालायचं.

एका गुरुवारी आम्ही दोघं स्टेशनवरून एकत्रच घरी आलो. मुलगी पुढे होती. ती दिवाणखान्याच्या दारात थांबली आणि पुढे जाईना.

तंबोऱ्याच्या तारा सैल केलेल्या होत्या. त्याच्यावर खोळ चढवलेली होती. बँजोच्या तारासुद्धा सैल होत्या, आणि तो एका जुन्या ओढणीत नीट गुंडाळून सोफ्यावर आडवा ठेवलेला होता. टीपॉयवर, एका वाटीत, त्याची घोडी होती.

बँजोची घोडी चिकटवलेली नसते. लाकडाची छोटी पट्टी असते, ती चामड्यावर नुसती उभी असते आणि तारांच्या ताणानेच जागेवर राहते. सगळ्या तारा एकदम सोडल्या की ती पडते. डेंटिस्टांनी मुलीला शिकवलेली ही पहिली गोष्ट. तार बदलायची तर एकेक बदल, सगळ्या कधी सोडू नकोस. आणि आमच्याकडे शिकवतात ती पहिली गोष्ट अशी की वाद्य बरेच दिवस वाजणार नसेल तर तारा उतरवून ठेव, ताणात ठेवू नकोस. सासूबाईंनी आयुष्यभर हेच केलेलं.

"आजी, हे कोणी केलं?"

"मी," सासूबाई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या. "कधीची ताणात उभी होती बिचारी दोन्ही. ते लाकूड निघून आलं बघ तुझं, ते वाटीत ठेवलंय. हरवेल म्हणून."

"ते निघायला नको होतं!"

"मग चिकटवायचं होतंस नीट."

"आजी, तो आईच्या सुराला होता. आईच्या! काळी चारला. मी हातसुद्धा लावला नव्हता. यू हॅड नो राइट..."

"इंग्रजीत ओरडू नकोस माझ्यावर. मराठीत ओरड."

मुलगी ओरडली नाही. तिने वाटी उचलली आणि आपल्या खोलीत गेली. दार लावून घेतलं. सासूबाई सोफ्यावर बसल्या, बँजोच्या शेजारी, आणि बराच वेळ त्या ओढणीची टोकं सारखी करत राहिल्या. ती ओढणी त्यांच्या लेकीची होती. त्यांना ते माहीत होतं की नाही, कोण जाणे.

मी शेजारी बसलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, "तुम्हाला कसं माहीत असणार."

"मला वाद्य कळतं हो," त्या म्हणाल्या. "सोडायच्या आधी मी छेडून पाहिलं होतं. आपण पाहतोच."

"मग?"

"उतरलेलाच होता तो. काळी चार कुठली. चार तारा चार दिशांना गेलेल्या, आणि ती आखूड तार तर कुठल्याच पट्टीला नव्हती. तुमच्याकडची हवा ही. सकाळी थंडी, दुपारी भट्टी. चामडं आहे ते, राहील कसं?" त्यांनी ओढणीचं टोक सोडलं. "तिला सांगू नका. माझ्यामुळे गेला असं वाटू दे तिला."

मी मान हलवली.

त्यानंतर काही दिवस आजी-नात एका घरात राहून एकमेकींशी बोलत नव्हत्या. म्हणजे "आमटी हवी?" "नको" एवढं. मी मध्ये. मी पूर्वीपासूनच कमी बोलतो, त्यामुळे घर फारच शांत झालं. मॅगपाय पक्षी गवतावर उतरून किडे टिपायचे ते खिडकी बंद असूनही ऐकू यायचं. सासूबाई संध्याकाळी बायकोच्या वेळेला दिवाणखान्यात येऊन बसायच्या, तंबोऱ्याकडे पाठ करून, आणि रात्रीच्या स्वयंपाकाची भाजी निवडायच्या. गायच्या नाहीत. मीही वाचत नव्हतो. पुस्तक उघडून बसायचो.

मग एका रविवारी दुपारी मुलीच्या खोलीतून आवाज आला. टक, टक, मग एक सूर, परत टक. ती घोडी बसवत होती. घोडी पुढेमागे सरकवायची, तारेला अर्ध्यावर हलकेच स्पर्श करून ती छेडायची, मग तिथेच दाबून छेडायची, आणि दोन्ही सूर जुळेपर्यंत पुन्हा सरकवायची. ते पुष्कळ वेळ चाललं. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून ऐकत होतो. सासूबाई ओट्यापाशी होत्या. मग खुंट्या पिळल्याचा आवाज यायला लागला, एकेक तार वर येत गेली, आणि थांबली.

मला काही कळलं नाही. सासूबाईंनी गॅस बारीक केला आणि मान कलती करून ऐकलं.

"पांढरी पाच," त्या म्हणाल्या.

म्हणजे ती जाणार होती. सासूबाईंनी गॅस परत मोठा केला. फोडणी घातली.

कार्यक्रमाच्या दिवशी मी त्यांना म्हटलं, चला. त्या म्हणाल्या, "नको. तुम्ही दोघं जा. मी आले तर पहिल्या रांगेत बसावं लागेल." त्यांनी आम्हाला डब्यात थालीपीठं दिली. मुलगी डबा घेताना म्हणाली, "आजी, तिथे फूड स्टॉल्स असतात." सासूबाई म्हणाल्या, "असू देत." मुलीने डबा घेतला.

गाडी मी चालवत होतो. मोटरवे संपून चढ लागेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "बाबा, एक सांगू? तो तसाही उतरला असणार."

मी गाडीचा वेग कमी केला.

"हवेने. आठवडाभर पण राहत नाही, रोज लावावा लागतो. मला माहीत होतं. म्हणून तर मी हात लावत नव्हते. एकदा छेडला असता तर कळलं असतं ना, गेलाय ते." तिने मांडीवरच्या डब्याचं झाकण घट्ट केलं. "आजीला नको सांगूस. तिला वाटेल मी उगाच ओरडले."

"नाही सांगत," मी म्हटलं.

पुढचा सगळा घाट मी हा विचार करत होतो की या दोघींना एकमेकींबद्दल जे माहीत नाही ते फक्त मला माहीत आहे, आणि ज्या एका माणसाला मी ते रात्री जेवताना सांगितलं असतं ते आता नाही. ते सांगितल्यावर ती आधी हसली असती, हे मला नक्की माहीत आहे. मग डोळे पुसले असते.

हॉल लाकडी होता, पत्र्याच्या छपराचा. चहाच्या टेबलावर स्कोन्स आणि जॅम, भिंतीवर युद्धात गेलेल्या गावकऱ्यांच्या नावांची पाटी. बहुतेक माणसं माझ्याहून वयस्कर. डेंटिस्ट दारातच उभे होते. त्यांनी मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "कशाला लावलायस?" ती म्हणाली, "जी." पांढरी पाचला ते लोक जी म्हणतात. ते म्हणाले, "गुड गर्ल," आणि मग माझ्याकडे पाहून त्यांचा चेहरा बदलला. त्यांनाही माहीत होतं की त्याचा अर्थ काय.

मी पहिल्या रांगेत बसलो, कारण तसं ठरलं होतं. शेजारची खुर्ची रिकामी होती. एक बाई चहाचा कप सांभाळत आल्या आणि त्यांनी विचारलं, "इथे कोणी बसलंय का?" मी म्हटलं, "नाही, बसा ना." त्या बसल्या. त्यांनी मला विचारलं की मी कुठून आलोय. मी केलीव्हिल म्हटलं. त्या म्हणाल्या, हो, पण मुळात कुठून. मी पुणे म्हटलं. "लव्हली," त्या म्हणाल्या.

मुलीचा नंबर आला. निळा कुर्ता, जीन्स, केस वर बांधलेले. ती स्टुलावर बसली आणि लोकांसमोरच तारा तपासल्या. मग म्हणाली की ही गाणी मुळात लोकांपुढे वाजवायची नाहीत, ही गोल बसून एकमेकांकडे तोंड करून वाजवायची. "आज माझ्यासमोर बसणारं कोणी नाही, तर तुम्ही चालवून घ्या." लोक हसले. तिला ते हसण्यासाठी म्हणायचं नव्हतं.

तिने एक धून सुरू केली. ती मी घरी ऐकलेली होती, तेवढं मला ओळखता आलं. जुनी, कोणी रचली ते कोणाला माहीत नसलेली. तीच चाल, परत परत. तिच्या हाताकडे पाहिलं तर काही होत नाहीये असं वाटावं इतकं ते हलकं होतं, आणि त्या लाकडी हॉलमध्ये तो आवाज मात्र भरून राहिला. मध्ये ती गायलाही लागली. समुद्रापलीकडून येऊन डोंगरात राहिलेल्या माणसांचं गाणं, कोणीतरी परत येणार नाही असं सांगणारं. तिचा आवाज बारीक होता, आणि इंग्रजीचे उच्चार त्या डोंगरातले, ती रोज बोलते तसे नव्हेत. मी तिचा बाप, तिच्याबरोबर एका घरात राहणारा, आणि मला वाटलं की ही मुलगी मी ओळखत नाही. वाईट वाटलं असं नाही. तसं वाटलं, एवढंच.

अशा धुनेला ठरलेला शेवट नसतो. गोल बसलेल्यांत जो धून धरून असतो तो शेवटचा फेरा आला की एक पाय जमिनीवरून उचलतो. बाकीचे ते पाहतात आणि सगळे एकदम थांबतात. डेंटिस्टांकडे मी हे पाहिलं होतं, म्हातारी माणसं पाय हवेत धरून गंभीरपणे वाजवत असतात, मजेशीर दिसतं. मुलगी स्टेजवर एकटी होती. तिला कोणाला खूण करायची गरज नव्हती. शेवटच्या फेऱ्याला तिने उजवा पाय उचलला. समोर, जिथे कोणी बसलेलं नव्हतं, तिकडे पाहिलं. आणि थांबली.

शेजारच्या बाई टाळ्या वाजवताना माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ही पोरगी कोणाची आहे?" मी सांगितलं, माझी. मला नीट सांगता आलं नाही, त्यांनी पुन्हा विचारलं.

बाहेर आवारात आम्ही थालीपीठं खाल्ली. डेंटिस्टांनी दोन खाल्ली. तिथेच मेलबर्नहून आलेली एक मुलगी, माझ्या मुलीच्याच वयाची, फिडलची पेटी पाठीला लावून आमच्याकडे आली आणि म्हणाली, "तू पाय कोणासाठी उचललास?" माझी मुलगी क्षणभर गोंधळली. मग म्हणाली, "हॅबिट." ती फिडलवाली म्हणाली, "मी होते की समोर, उभी होते मागे, मनात वाजवत. मी थांबले." दोघी हसल्या, आणि तिथेच गवतावर बसून वाजवायला लागल्या. पुष्कळ वेळ वाजवलं. ऊन उतरलं, लोक गाड्या काढायला लागले, तरी त्या बसलेल्या होत्या. मी रिकामा डबा मांडीवर घेऊन बाकावर बसलो होतो. कितीतरी महिन्यांनी मी तिला असं समोरच्या माणसाकडे बघत वाजवताना पाहत होतो. मला हवं होतं ते झालं होतं. त्याच वेळी मला हेही कळलं की आता हे घरी होणार नाही.

सासूबाई व्हिसा संपल्यावर परत गेल्या. जाण्याच्या आदल्या दिवशी आजी-नात दिवाणखान्यात बसल्या होत्या. सासूबाई तिच्या केसांना तेल लावत होत्या आणि मुलगी फोनवर आजीला फिडलवालीचं वाजवणं ऐकवत होती. सासूबाई म्हणाल्या, "बेसूर नाही, पण घाई करते." मुलगी म्हणाली, "आजी, इट्स सपोज्ड टु बी फास्ट." "असेल. तरी करते." जे मी दोघींना सांगायचं नव्हतं ते मी सांगितलं नाही. त्याची काही गरजही राहिली नव्हती.

उन्हाळ्यात मुलगी मेलबर्नला गेली. क्लेटनच्या युनीत पुढच्या शिक्षणाला तिला प्रवेश मिळाला, आणि फिडलवाली तिथून जवळच राहते. जायच्या आधी तिने मला विचारलं, "बाबा, तू राहशील ना?" मी म्हटलं, "मी काय, राहीनच." तिला विमानतळावर सोडून पार्किंगमध्ये गाडी वळवताना मी तिच्या आईला म्हणालो की पोरगी बिछान्याची चादर विसरली. मोठ्याने म्हणालो. मग गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ थांबलो.

आता मुलगी तिथे वाजवते, आठवड्याच्या शेवटी कुठल्या ना कुठल्या कॅफेत किंवा हॉलमध्ये, आणि रविवारी दुपारी मला फोन करते. सासूबाई पुण्यात क्लास घेतात. मी केलीव्हिलच्या घरात एकटा राहतो.